टिप द्यायलाच हवी का? साताऱ्यातल्या एका गल्ल्यावरून, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्याजवळ महामार्गावरच्या एका हॉटेलात मी नऊ वर्षं गल्ल्यावर बसलो. आता ते काम सुटलं, पण ओळखीपाळखीतले लोक टिपबद्दल अजून मलाच विचारतात, आणि बहुतेक जण तावातावाने विचारतात. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. कायद्याचं आहे ते आहे तसं दिलंय. बाकी मतं माझी, पटली तर घ्या.

हल्ली जिथे तिथे टिप मागतात. हे खरंच वाढलंय की मलाच तसं वाटतंय?

वाढलंय. आणि माझ्या मते त्याचं मूळ बडीशेपेच्या ताटलीत आहे.

पूर्वी बिल यायचं ते स्टीलच्या छोट्या ताटलीत, बडीशेप आणि खडीसाखरेबरोबर. बिल २७० झालं की गिऱ्हाईक ३०० ठेवायचं. वरचे तीस मी परत पाठवायचो, पण कसे पाठवायचे त्याची एक पद्धत होती. एक दहाची नोट, दोन पाचाची नाणी, बाकी एक-दोन रुपयांच्या नाण्यांची चिल्लर. दहाच्या तीन कोऱ्या नोटा पाठवल्या तर गिऱ्हाईक तिन्ही उचलतं. चिल्लर पाठवली तर ताटलीत काहीतरी राहतं. हे मला पहिल्याच आठवड्यात आमच्याकडच्या जुन्या वेटरमामांनी शिकवलं होतं. "नोटा मोडून दे रं, पोरांचं त्याच्यावर चालतंय," एवढंच म्हणाले होते.

म्हणजे टिप निघायची ती उरलेल्या पैशातून. द्यायची की नाही हे कुणी ठरवत बसत नसे आणि कुणी मागतही नसे. बडीशेप तोंडात टाकायची, चिल्लर तशीच राहू द्यायची आणि उठायचं.

२०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी नोटबंदी झाली, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत आमच्या गल्ल्यातली चिल्लर आटली. बिल २७० तर मोबाईलवरून २७०. ताटलीत उरली फक्त बडीशेप. वेटरची ती कमाई कुणी ठरवून बंद केली नाही, आपोआप गेली. मग ती मागायची पाळी आली. कधी तोंडाने, कधी टेबलापाशी घुटमळून, कधी बिलाच्या स्कॅनरशेजारी दुसरा स्कॅनर ठेवून. लोक चिडतात ते पैशांपेक्षा त्या मागण्यावर. उरलेले वीस सोडताना जो माणूस ताटलीकडे बघायचाही नाही, तोच वीस रुपये वेगळे स्कॅन करायचे म्हटल्यावर दोनदा विचार करतो. मीसुद्धा करतो.

किती द्यावी? काही ठरलेलं आहे का?

नाही. साताऱ्यात जे दिसतं ते सांगतो. मिसळ, वडापाव, चहाची गाडी इथे कुणी देत नाही आणि कुणी वाटही बघत नाही. पोवई नाक्यावर किंवा राजवाड्याच्या बाजूला एखाद्या फॅमिली हॉटेलात चौघांचं जेवण झालं तर वीस ते पन्नास. परमिट रूमचा हिशेब निराळा. तिथे रात्र चढेल तशी टिप चढते आणि सकाळी पाकीट बघून माणूस गप्प होतो.

दहा टक्के हा आकडा पुण्या-मुंबईची मंडळी घेऊन येतात. मला तो कधीच पटला नाही. कराड-इस्लामपूरकडे धाब्यावर अख्खा मसूर आणि रोटी खाल्ली तर बिल किरकोळ होतं, मटण थाळीचं त्याच्या दुप्पट-तिप्पट. वेटरचे हेलपाटे मात्र सारखेच. उलट मसूरवाला रोटी गरम गरम एकेक मागवतो, कांदा-लिंबू तीनदा मागतो. टक्क्यांनी द्यायचं म्हणजे जास्त राबवणाऱ्याने कमी द्यायचं. त्यापेक्षा पोराने किती धावपळ केली ते बघून द्या.

अमेरिकेत म्हणे वीस टक्के द्यावेच लागतात. तेच इकडे येतंय का?

तिकडची गोष्ट मुळातच वेगळी आहे. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यायचं किमान वेतन केंद्राच्या कायद्याने ताशी २.१३ डॉलर आहे, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. बाकीच्यांसाठी किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर. मधली तूट टिपेतून भरून निघावी, नाही निघाली तर मालकाने भरावी, अशी ती रचना. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं हा फरक मानत नाहीत, तिथे पूर्ण वेतन द्यावं लागतं. पण जिथे मानतात तिथे टिप न देणं म्हणजे थेट पोराच्या पगाराला हात घालणं.

आणि तरीही तिथले लोक वैतागलेत. प्यू रिसर्च सेंटर या तिथल्या पाहणी करणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ७२ टक्के अमेरिकन लोकांनी सांगितलं की पाच वर्षांपूर्वीपेक्षा आता जास्त ठिकाणी टिपची अपेक्षा केली जाते. काउंटरवर स्वतः उभं राहून कॉफी घ्यायची आणि पैसे भरताना पडद्यावर १८, २०, २५ टक्के असे चौकोन. मागे रांग. नको म्हणायचं बटण शोधायला लागतं. माझा भाचा तिकडे आहे, तो म्हणतो, "मामा, त्या पडद्यापेक्षा आपला घुटमळणारा वेटर बरा, निदान तो तोंडाकडे बघतो."

आपल्याकडे टिप मिळते म्हणून पगार कमी द्यायची सूट कायद्याने मालकाला दिलेली नाही. तिकडचे टक्के आपण घेतो आणि तिकडचं कारण विसरतो.

बिलात "सर्व्हिस चार्ज १० टक्के" आलाय. द्यावाच लागतो का?

नाही. सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा मतलब असा: हॉटेलने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही. नाव बदलूनही लावायचा नाही. तो ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. देणार नाही म्हणाला म्हणून त्याला आत घ्यायचं नाकारायचं नाही. आणि हा चार्ज जेवणाच्या रकमेत मिळवून त्या बेरजेवर जीएसटी लावायचा नाही.

हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली आणि बरीच वर्षं ते लोंबकळत राहिलं. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने सूचना वैध ठरवल्या, सक्तीचा सर्व्हिस चार्ज बेकायदा ठरवला आणि संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा दंड लावला. त्यावर अपीलही झालं आहे.

आता पैशाचं बघा. समजा जेवण झालं १,२४० रुपयांचं. सर्व्हिस चार्ज १२४, बेरीज १,३६४. त्यावर पाच टक्के जीएसटी ६८ रुपये २० पैसे. एकूण १,४३२ रुपये २० पैसे. सर्व्हिस चार्ज काढा: १,२४० आणि ६२, झाले १,३०२. फरक १३० रुपये २० पैशांचा, त्यातले सहा रुपये वीस पैसे टिपेवर भरलेला कर.

करायचं काय? वेटरशी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. बिल घेऊन गल्ल्यावर जा आणि "ही ओळ काढून द्या" म्हणा. बिलिंगच्या कॉम्प्युटरवर ती काढायला दहा सेकंद लागतात. मला माहीत आहे, कारण मी ती काढून दिलेली आहे. आमच्याकडेही वर्षभर हा चार्ज लावायचे. विचारणारं टेबल दिवसाकाठी एखादं, आणि जे विचारेल त्याला मुकाट्याने काढून द्यायचं असा मालकाचा हुकूम होता. न विचारणाऱ्यांच्या जिवावर चालायचं सगळं.

ऐकलंच नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. पण १३० रुपयांसाठी आयोगापर्यंत जायची वेळ सहसा येत नाही. गल्ल्यावर १९१५ हा आकडा नुसता उच्चारला तरी पुरतं.

जीएसटी पण नको म्हणता येतो का मग?

तो सरकारी कर आहे, द्यावा लागतो. साध्या रेस्टॉरंटला पाच टक्के. मात्र कंपोझिशन योजनेतल्या (कमी उलाढालीच्या धंद्यांसाठीची सोपी करपद्धत) छोट्या हॉटेलांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही आणि तसं बिलावर छापावं लागतं. बिलाच्या वरच्या बाजूची बारीक अक्षरं वाचत चला.

सर्व्हिस चार्ज दिला तर वर टिप द्यायची?

नाही. एकाच कामाचे दोनदा पैसे कशाला?

टेबलावरच्या स्कॅनरवर टाकलेली टिप त्या वेटरलाच मिळते का?

स्कॅनर कुणाचा आहे त्यावर आहे. स्कॅन केल्यावर नाव येतं ते वाचा. हॉटेलचं नाव आलं तर पैसे मालकाच्या खात्यात गेले. पुढे ते वाटले जातात का, कधी, कसे, हे त्या मालकाच्या दानतीवर.

मी तीन प्रकार पाहिले. एका ठिकाणी सगळी टिप एका डब्यात, आणि रात्री शटर ओढल्यावर वाटणी: वेटरला पूर्ण हिस्सा, टेबल पुसणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या पोरांना अर्धा, भट्टीवरच्यांनाही थोडं. भांडणं व्हायची, पण हिशेब सगळ्यांसमोर व्हायचा. दुसऱ्या ठिकाणी ज्याचं टेबल त्याची टिप; मग खिडकीशेजारच्या टेबलांसाठी मारामारी आणि कोपऱ्यातल्या गिऱ्हाइकाला पाणी विचारायला कुणी नाही. तिसरा प्रकार वाईट. टिप हॉटेलच्या खात्यात, आणि महिनाअखेरीला फुटलेल्या ग्लासांचे, पळून गेलेल्या गिऱ्हाइकाच्या बिलाचे पैसे त्यातून वळते. पोरांच्या हातात किती पडले ते पोरांनाच कळायचं नाही. एकदा ओडिशाकडचा एक पोरगा महिनाभर वहीत रेघा मारत होता, प्रत्येक टिपेची एक. पगाराच्या दिवशी ती वही त्याने माझ्यापुढे ठेवली. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून कायदाच लागू झालाय की टिपेतला पैसा मालकाने ठेवायचा नाही, सगळा कामगारांना द्यायचा. आपल्याकडे मालक काय करेल याचा भरवसा नाही, म्हणून मी रोख देतो, हातात. दहाच्या चार-पाच नोटा वरच्या खिशात ठेवायची सवय लावून घेतलीय.

टिप नाही दिली तर त्या पोरांच्या पोटावर पाय येतो असं वाटतं. मग?

वाटणारच. बरीच पोरं घरापासून लांब आलेली असतात, हॉटेलच्याच माळ्यावर झोपतात, दोन वेळचं जेवण तिथेच, त्यामुळे "राहणं-खाणं आमचं" म्हणत पगार ताणून धरला जातो. पण किमान वेतन ही मालकाची जबाबदारी. तो कायदा १९४८ चा, आणि आता त्याच्या जागी वेतन संहिता आलीय. पगार देणारा एक, घेणारा एक, मध्ये अपराधी तुम्ही कशाला वाटून घेता?

द्यायचं तर खुशीने द्या. पण पनीर मसाल्याला २६० लावणाऱ्या मालकाने "पोरांना टिपेत मिळतं की" असं माझ्यासमोर म्हटलेलं मी ऐकलंय. तेव्हापासून गिऱ्हाइकाचा राग वेटरवर निघालेला बघवत नाही. राग असेल तर तो गल्ल्यामागच्या केबिनपर्यंत पोचवा.

करापुरतं एक: टिप हे कामगाराच्या हातचं उत्पन्न आहे, तो पगार धरला जात नाही. हॉटेलने गोळा करून वाटलेल्या टिपेवर पगारासारखा टीडीएस (देण्याआधीच कापून घेतलेला आयकर) कापायचा नसतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आयटीसी कंपनीच्या प्रकरणात सांगितलंय.

महाबळेश्वर-पाचगणीला रूम सोडताना तीन-तीन जण येऊन उभे राहतात. सगळ्यांना द्यायचं?

हंगामात हे हमखास. निघायच्या दिवशी सकाळी एक येतो टॉवेल मोजायला, एक विचारतो "चेकआउट किती वाजता सर?", तिसरा न सांगता बॅग उचलतो. जो खरंच बॅगा चढवून-उतरवून देतो त्याला द्या. बाकीच्यांना "थँक्यू" पुरे.

पण एक बघा. चादरी बदलणाऱ्या, बाथरूम घासणाऱ्या मावशी तुम्हाला दिसतच नाहीत. तुम्ही वेण्णा तलावावर असता तेव्हा त्या येऊन जातात. दारात उभं राहायची मुभा असते रूमबॉयला, म्हणून टिपही त्याची. मागच्या पावसाळ्यात आम्ही कासहून भिजून, चिखलाचे पाय घेऊन रूमवर आलो होतो. दुसऱ्या दिवशी फरशी लख्ख. मुद्दाम चौकशी करून मावशींच्या हातात पन्नासची नोट दिली तर त्या म्हणाल्या, "रूम सुटली का, काय इसरलंय का?" पैसे त्यांच्यासाठी आहेत हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

लग्नात वाढपी पोरं ताट घेऊन मागे लागतात. पाहुणे म्हणून आम्ही काय करावं?

पानाच्या टेबलाशेजारी एक पोरगा ताट घेऊन उभा, ताटात दहा-वीसच्या नोटा आधीच पसरून ठेवलेल्या. त्या त्याच्याच असतात, आमिषाला. हात धुऊन वळलात की ताट पुढे. आहेर करून, गाडीचं तेल जाळून आलेल्या पाहुण्याला हे मुळीच बंधनकारक नाही. सरळ पुढे चला.

यजमान असाल तर केटररशी ठरवतानाच सांगा: पाहुण्यांपुढे ताट फिरवायचं नाही, बक्षिशी आम्ही देऊ. आणि मग खरंच द्या. पंगतीच्या काळात आचाऱ्याला टॉवेल-टोपी आणि वर पैसे यजमानच द्यायचा. बुफे आला आणि ती जबाबदारी हळूच पाहुण्यांकडे सरकली. आमच्या घरच्या लग्नात आम्ही सगळ्या पोरांचं मिळून पाकीट त्यांच्या म्होरक्याकडे चार पोरांसमोर दिलं. समोर देणं महत्त्वाचं, नाहीतर ते पाकीट टेम्पोत बसेपर्यंत पातळ होतं.

टिप नाही दिली तर पुढच्या वेळी जेवणात काही करतील का?

नाही हो. भट्टीवरच्या माणसाला टेबल नंबर माहीत असतो, तुमचं तोंड नाही. फार तर पाणी उशिरा येईल.

ॲपवर ऑर्डर दिली की जेवण यायच्या आधीच टिप मागतात. हे बरोबर आहे का?

सेवा मिळायच्या आधी टिप कसली? लवकर यावा म्हणून आधीच दिलेल्या पैशाला आपल्याकडे दुसरा शब्द आहे. मे २०२५ मध्ये टॅक्सीच्या बाबतीत हेच घडलं: "ॲडव्हान्स टिप"च्या सोयीवरून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने उबरला नोटीस काढली आणि केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी यांनी ही पद्धत अनैतिक असल्याचं म्हटलं. जेवण हातात आल्यावर, पाऊस असेल, तिसरा मजला चढून आला असेल, तर पोराला दारात द्या.

मी छोटं हॉटेल चालवतो. गल्ल्यावर टिपेची पेटी ठेवू का?

ठेवा, पण काचेची, आणि किल्ली पोरांकडे. "टिप द्या" अशी पाटी नको. वेटरला टेबलाशी उभं राहायला लावू नका. बिल ठेवायचं आणि दुसऱ्या कामाला जायचं. गिऱ्हाईक एकटं असलं की जास्त सोडतं, हा माझा नऊ वर्षांचा अनुभव. आणि पगार वेळेवर करा, म्हणजे पोरांची नजर गिऱ्हाइकाच्या खिशावर राहणार नाही.

वडील म्हणतात आमच्या वेळी टिप नव्हतीच. खरं का?

शब्द नव्हता. बक्षिशी होती, चहापाणी होतं, दिवाळीला पोस्त होतं. फरक एवढाच की पोस्त वर्षातून एकदा आणि ओळखीच्या माणसाला: पोस्टमन, गुरखा, पेपरवाला. टिप ही अनोळखी माणसाला, रोज, जेवल्या जेवल्या. वडिलांना ते खुपतं ते यामुळे.

नको असेल तेव्हा नाही कसं म्हणायचं? फार अवघडल्यासारखं होतं.

मोबाईलमध्ये डोकं खुपसून सटकू नका, वेटरला ते लांबूनच कळतं. तोंडाकडे बघून "जेवण छान होतं दादा, येतो" म्हणायचं आणि उठायचं. भाजी खारट होती तर तेही सांगा. "सुट्टे नाहीत" हे कारण आता चालत नाही, तो लगेच स्कॅनर दाखवतो.

महिन्याची मेस लावलीय. तिथेही द्यायची का?

खानावळीत टिप देत नाहीत. मावशींनी आजारपणात वेगळी खिचडी करून दिली असेल तर दिवाळीला गावाकडून येताना डबाभर चकल्या आणा. पैसे पुढे केलेत तर बहुतेक रागावतील.